आवाज मोठा, ओढ तेवढीच

मुंबईकडून नाशिकला येताना कसारा घाटात हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. पुढे एक जुना ट्रक चढावर लागलेला. सायलेन्सरमधून असा गडगडाट की मागच्या गाडीत काचा वर करूनही शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. धूर काळा आणि वेग जेमतेम ताशी पंधरा-वीस किलोमीटर. तेवढ्यात उजव्या बाजूने दुसरा ट्रक येतो. तो नवा असतो, त्यात मालही जास्त भरलेला असतो. हलकी घरघर ऐकू येते आणि तो इगतपुरीच्या दिशेने पुढे निघूनही जातो.

आवाजावरून ताकद ठरत असती, तर हे उलटं व्हायला हवं होतं. तरीही आडगावच्या ट्रक टर्मिनसपासून मालेगावपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये एक समजूत हमखास ऐकायला मिळते: सायलेन्सरची जाळी काढा, पाईप मोकळा करा, मग बघा गाडी कशी ओढते ते. पिंपळगाव-लासलगावचा कांदा घेऊन रात्रंदिवस धावणाऱ्या माणसाला चढावर थोडी जास्त ओढ मिळाली तर हवीच असते. त्यामुळे समजुतीची टर उडवण्यापेक्षा तिचा हिशेब मांडून पाहणं बरं. तिच्यात खरेपणाचा एक कण आहे, आणि तो केवढा आहे हे मोजता येतं.

एकाच पाईपमधले दोन प्रवासी

डिझेल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये चार कामं एकामागून एक होतात. पिस्टन खाली जाताना हवा आत येते, वर येताना ती दाबली जाते, दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटून पिस्टन जोरात खाली ढकलला जातो, आणि शेवटी पिस्टन पुन्हा वर येत जळलेला वायू बाहेर ढकलतो. या चार कामांत क्रँकशाफ्ट दोनदा फिरते. आपल्याकडच्या मध्यम ट्रकमध्ये सहा सिलिंडरचं, साधारण सहा लिटरचं इंजिन असतं असं धरू. ते मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर दर फेऱ्याला तीन सिलिंडर पेटतात. म्हणजे मिनिटाला ६००० आणि सेकंदाला १०० वेळा.

प्रत्येक वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला वायू खूप तापलेला असतो आणि त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. व्हॉल्व्ह किंचित उघडताच हा दाब पाईपमध्ये धडक मारतो. इथून पुढे पाईपमधून दोन वेगळ्या गोष्टी प्रवास करतात. एक म्हणजे स्वतः वायू. तो सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने सरकतो. दुसरी म्हणजे त्या धडकेची लाट. तापलेल्या वायूतून ती सेकंदाला पाचशे मीटरच्या वर वेगाने धावते. ही लाट पाईपच्या तोंडातून बाहेर पडते, त्यालाच आपण आवाज म्हणतो.

सगळा घोटाळा या दोघांना एकच समजण्यातून होतो. आवाज अडवला म्हणजे वायू अडला, असं वाटतं. प्रत्यक्षात चांगल्या सायलेन्सरचं कसब नेमकं उलटं आहे: त्याने वायूला सुखरूप वाट द्यायची आणि लाटेला मात्र आतच थोपवायचं.

सायलेन्सरच्या पोटात

विहिरीवर मोट चालायची त्या दिवसांत ती वर आली की पाण्याचा लोट एकदम थारोळ्यात कोसळायचा. पुढची खेप येईपर्यंत काहीच नाही, मग पुन्हा लोट. पण थारोळ्यातून निघणाऱ्या पाटात पाणी शांतपणे, सलग वाहायचं. थारोळं पाणी अडवत नव्हतं. जितकं पाणी आत यायचं तितकंच बाहेर जायचं, फक्त धक्के पोटात घेतले जायचे. सायलेन्सरमधली मोठी पोकळी हेच थारोळ्याचं काम करते. सेकंदाला शंभर धक्के आत येतात आणि दुसऱ्या तोंडातून बराच सलग झोत बाहेर पडतो.

याखेरीज सायलेन्सरमध्ये आणखी दोन युक्त्या असतात. अरुंद पाईप एकदम रुंद पोकळीत उघडतो, तिथे आवाजाची लाट काही अंशी मागे परतते. पोकळ्यांची लांबी नीट ठरवली तर परतलेली लाट आणि नवी येणारी लाट एकमेकींना मारतात: एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात जातो. भोकं पाडलेल्या नळ्या आणि आडव्या पत्र्याच्या भिंती त्यासाठीच असतात. गॅरेजमध्ये ज्याला जाळी म्हणतात ती हीच रचना. दुसरी युक्ती म्हणजे काचतंतूंचा लोकरीसारखा थर. कर्कश, बारीक आवाज त्यात शिरतो आणि घर्षणाने त्याची उष्णता होऊन जाते.

जाड, घुमणारा आवाज मात्र या थराला दाद देत नाही. सेकंदाला शंभर धक्क्यांचा आवाज तापलेल्या वायूत साधारण पाच मीटर लांबीच्या लाटेने जातो. अशी लाट मारायची तर तिच्या एक चतुर्थांश, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास लांबी हाताशी लागते, आणि पोटही मोठं लागतं. ट्रकचा सायलेन्सर पिंपाएवढा का असतो, याचं उत्तर इथे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२०वा नियमही प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवा असं सांगताना वायूच्या प्रसरणासाठी असलेल्या पोकळीचा उल्लेख करतो. कायद्याच्या भाषेत सहसा न सापडणारं भौतिकशास्त्र तिथे नेमकं सापडतं.

उलट्या दाबाचा हिशेब

आता त्या खरेपणाच्या कणाकडे येऊ. सायलेन्सर कितीही चांगला असला तरी वळणं, भोकं आणि भिंती यांतून जाताना वायूला थोडा अडथळा होतोच. त्यामुळे पाईपमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाब साठतो. मेस्त्री त्याला बॅकप्रेशर म्हणतात, आपण उलटा दाब म्हणू. पिस्टनला वायू बाहेर ढकलताना या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो आणि तो जोर इंजिनाच्या ताकदीतून वजा होतो. म्हणून सायलेन्सर काढला तर ताकद वाढायला हवी, हा तर्क चुकीचा नाही. प्रश्न फक्त किती वाढते एवढाच आहे.

> कागद-पेन्सिलचा हिशेब
>
> इंजिन सहा लिटरचं, फेरे मिनिटाला २०००. दर दोन फेऱ्यांना सहा लिटर वायू ढकलायचा, म्हणजे मिनिटाला १००० वेळा सहा लिटर. सेकंदाला हे १०० लिटर, अर्थात ०.१ घनमीटर झाले.
>
> उलटा दाब १० किलोपास्कल धरू, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाचा साधारण दहावा भाग. जुन्या ट्रकसाठी हा आकडा बऱ्यापैकी वरचा आहे.
>
> दाब गुणिले दर सेकंदाचं आकारमान: १० × ०.१ = १ किलोवॉट. म्हणजे सव्वा ते दीड अश्वशक्ती.
>
> इंजिनाची एकूण ताकद १३० किलोवॉटच्या घरात, म्हणजे पावणेदोनशे अश्वशक्ती.

सायलेन्सर पूर्ण काढून टाकला आणि उलटा दाब शून्यावर आला असं मानलं, तरी थेट लाभ शंभरात एकाहूनही कमी आहे. जाळी काढल्याने तर त्याचाही काही भागच मिळेल. टर्बो असलेल्या इंजिनात (टर्बोबद्दल पुढे येईलच) त्याच्या चाकाला थोडी मोकळीक मिळून आणखी किंचित भर पडते, पण चित्र बदलत नाही. पंचवीस टनांचा ट्रक शंभराला पाच अशा चढावर असेल, तर एका अश्वशक्तीने त्याचा वेग ताशी जेमतेम दोनशे मीटरने वाढतो. कसारा ते इगतपुरी एवढ्या अंतरात हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

उतारावरचा मित्र

उलटा दाब खरोखर किती ताकद खाऊ शकतो हे पाहायचं असेल तर तोच घाट उलट दिशेने उतरावा. बऱ्याच ट्रकमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो. सायलेन्सरच्या आधी पाईपमध्ये एक झडप बसवलेली असते. उतारावर चालकाने बटण किंवा पायाखालची कळ दाबली की ती जवळजवळ पूर्ण मिटते आणि डिझेलही बंद होतं. वायूला वाट मिळत नाही, पाईपमधला दाब बाहेरच्या हवेच्या तीन-चार पटींपर्यंत चढतो आणि प्रत्येक पिस्टन त्या दाबाशी झगडत वर येतो. तीनशे किलोपास्कल दाब धरून वरचाच गुणाकार केला तर तीस किलोवॉटच्या घरात रोध मिळतो. इंजिन गाडी ओढायचं सोडून गाडीला मागे खेचू लागतं.

याचा फायदा घाट उतरणाऱ्या प्रत्येकाला होतो. लांब उतारावर पायाचा ब्रेक सतत दाबला तर ड्रम तापतात, अस्तर गुळगुळीत होतं आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. एक्झॉस्ट ब्रेक तो भार इंजिनावर घेतो. पण त्यासाठी गाडी गिअरमध्ये असावी लागते. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून घाट उतरणारा चालक चाकं आणि इंजिन यांचा संबंधच तोडतो, मग ती झडप मिटली काय आणि उघडी राहिली काय. डिझेलचा हिशेबही त्यात साधत नाही. गिअरमध्ये उतरताना पायाखालचा ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा पंप डिझेल बंद करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल जळतच राहतं. हे चालकांना पुन्हा पुन्हा सांगायला हवं. कसारा असो की चांदवडजवळचा राहुड घाट, ब्रेक निकामी झालेला ट्रक समोरच्या कुणाला ओळखत नाही.

झडप काढून टाकून किंवा तिच्या आधीच पाईप कापून मोकळा करणारे हा आधारही गमावतात. चढावरची एक-दीड अश्वशक्ती मिळवायला उतारावरची चाळीस सोडून द्यायची, असा तो सौदा आहे.

ताकद ठरते दुसरीकडे

नाशिककरांना मायको सर्कल ठाऊक आहे. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, आजची बॉश. सातपूरच्या तिच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. ट्रकच्या ताकदीचा उगम शोधायचा तर तो सायलेन्सरपेक्षा या बोटभर वस्तूत सापडेल.

पेट्रोल इंजिनात चालक हवेची वाट उघडतो आणि हवेच्या मागोमाग पेट्रोल जातं. डिझेल इंजिनात तसं नाही. तिथे हवा येईल तेवढी येते, आणि ताकद ठरते दर फवाऱ्यात किती डिझेल सोडलं यावर. कारखान्यातून निघताना पंपाची जास्तीत जास्त मर्यादा बांधलेली असते. तुम्ही सायलेन्सर काढला, इंजिनाला थोडी जास्त हवा मिळाली, तरी पंप डिझेल तेवढंच देणार. वाढीव हवेला जाळायला काही नाही. म्हणून नुसता पाईप मोकळा करून डिझेल ट्रकची ताकद फारशी वाढणं तत्त्वतःच अवघड आहे.

यावर काही ठिकाणी पंपाचं सील तोडून डिझेल वाढवतात. मग ताकद खरंच वाढते, थोडी. पण हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं की ते पूर्ण जळत नाही. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन, म्हणजे मालकाने पेट्रोल पंपावर पैसे मोजून घेतलेलं डिझेल. वायूचं तापमान वाढतं, पिस्टनचे माथे आणि टर्बोची पाती भाजतात. काही महिन्यांनी हेड उघडावं लागतं आणि तो खर्च कुणी सायलेन्सरच्या नावावर लिहीत नाही.

नव्या ट्रकच्या शांत ओढीमागे दोन गोष्टी आहेत. एक, टर्बो. ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट केली. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टच्या उष्णतेतून वाया जातो. टर्बो त्यातल्या काही भागावर एक चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं आणि तेही स्वच्छ. शिवाय वायूचे धक्के पात्यांमधून जाताना बरेच बोथट होतात, त्यामुळे टर्बो हा न मागता मिळालेला सायलेन्सरच असतो. दुसरी गोष्ट, कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून उच्च दाबाचं डिझेल पुरवणारी रचना. जुन्या पंपात नोझल हवेच्या दाबाच्या दोन-अडीचशे पटींना उघडायचं, आता फवारा सोळाशे ते दोन हजार पट दाबाने सुटतो. थेंब बारीक होतात आणि एका मोठ्या ठोक्याऐवजी डिझेल टप्प्याटप्प्याने जळतं. जुन्या इंजिनाचा तो खडखडाट त्यामुळेच गेला.

आवाज मोठा आणि ओढ कमी, असं एकत्र होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि मेस्त्रींना हे चांगलं माहीत असतं. इंजिन आणि टर्बो यांच्या मधलं गॅस्केट फुटलं किंवा मॅनिफोल्डला तडा गेला, की वायू टर्बोला न भेटताच बाहेर निसटतो. फटफट आवाज वाढतो, टर्बो मंदावतो, हवा कमी पडते, धूर काळा होतो आणि चढावर गाडी बसते.

बुलेटवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात पाईपची लांबी आणि जाडी यांना खरंच महत्त्व असतं. पाईपच्या मोकळ्या टोकाशी पोचलेली दाबाची लाट उलटून ओढीची लाट होऊन परतते. ती व्हॉल्व्ह मिटण्याआधी नेमक्या वेळी पोचली, तर उरलासुरला वायू खेचून बाहेर काढते आणि नवी हवा आत यायला मदत होते. शर्यतीच्या गाड्यांचे पाईप याच गणिताने बनतात. पण हे गणित ठरावीक फेऱ्यांनाच जमतं. बाजारातला कुठलाही ‘फटाका’ सायलेन्सर आणून बसवला तर ते जमण्यापेक्षा बिघडण्याचीच शक्यता जास्त, आणि शहरात आपण ज्या मधल्या वेगाने फिरतो तिथेच ओढ कमी होते.

गडगडाटात किती वॉट असतात?

कानाला एवढा प्रचंड वाटणारा आवाज ऊर्जेच्या हिशेबात किती भरतो, हे पाहिलं तर आश्चर्य वाटतं. आपल्याकडे साडेतीन टनांवरच्या नव्या वाहनाला साडेसात मीटरवरून मोजताना, इंजिनाच्या ताकदीनुसार, ७७ ते ८० डेसिबलची मर्यादा आहे. पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. ८० डेसिबलचा आवाज त्या अंतरावर चारी बाजूंना पसरतो असं धरून बेरीज केली, तर ट्रकमधून आवाजाच्या रूपाने निघणारी ऊर्जा एका वॉटच्या विसाव्या भागाहूनही कमी येते. सायलेन्सर काढून हाच आवाज ११० डेसिबलपर्यंत नेला तरी ती पस्तीस वॉटच्या आसपास जाते. घरातल्या पंख्यालाही ती पुरी पडत नाही. आणि इंजिन आहे एक लाख तीस हजार वॉटचं. आवाजातून इंजिनाची ताकद ऐकू येते असं आपल्याला वाटतं, पण कानाला भिडते ती या ऊर्जेची धूळ.

कान मात्र त्या धुळीलाही फार हळवे असतात. डेसिबलचं माप दर दहाने दसपटीने वाढतं, म्हणून ८० आणि ११० यांच्यात ऊर्जेचा हजार पटींचा फरक आहे. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास राहिलं तर श्रवणशक्ती हळूहळू जाते, असं मानलं जातं. या आवाजाच्या सर्वांत जवळ असतात चालक आणि क्लीनर. रात्रभर त्या केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाला मागून येणारी रुग्णवाहिका ऐकू येईनाशी होते, आणि कान गेल्याचं कळतं तोवर फार उशीर झालेला असतो.

महामार्गाला लागून असलेल्या वस्त्यांचा त्रासही जाड आवाजाचाच आहे. ट्रक उभा राहून इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालू असेल तर सेकंदाला तीसच धक्के बसतात. असा घुमारा भिंती आणि बंद खिडक्या सहज पार करतो. नाशिकच्या द्वारका परिसरात राहणाऱ्यांना काचा थरथरतात म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या १९०(२) कलमानुसार आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि परवानाही तीन महिने निलंबित होतो. मालकाने वाहनात बेकायदा फेरफार केला तर १८२अ कलमाखाली दर फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद आहे. राज्यातल्या काही शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले. त्यात दुचाक्यांचेच जास्त दिसतात, मोकळे पाईप घेऊन फिरणारे ट्रक क्वचित.

बीएस-सहानंतर

बीएस-सहा हे धुराचे निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. तेव्हापासून विकल्या जाणाऱ्या ट्रकमध्ये सायलेन्सर हे नुसतं पिंप राहिलेलं नाही. त्या मोठ्या पेटीत आधी काजळी गाळणारा फिल्टर असतो. तो बारीक नळ्यांचा सिरॅमिकचा ठोकळा असून त्याच्या नळ्या आळीपाळीने एका टोकाला बंद असतात, त्यामुळे वायूला भिंतीतून झिरपूनच पुढे जावं लागतं. त्यानंतर येतो युरियाचा भाग. चालक ज्याला युरिया म्हणतात त्या डेफमध्ये साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. त्यापासून अमोनिया होतो आणि तो विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनात व पाण्यात रूपांतर करतो.

हा फिल्टर उलटा दाब वाढवतो, हे खरं. पण इंजिन तो हिशेबात धरूनच बनवलेलं असतं. फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब सेन्सर सतत मोजत असतो आणि काजळी साठली की इंजिनाचा संगणक तापमान वाढवून ती जाळून टाकतो. पेटी काढून सरळ पाईप बसवला तर सेन्सरला ते लगेच कळतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि संगणक स्वतःहून इंजिनाची ताकद उतरवतो. ताकद वाढवायला केलेला उपाय ताकद कमी करूनच थांबतो. संगणकालाही फसवणारे आहेत. पण मग त्या पाईपमधून निघणारी काजळी जाते कुठे, तर मागे दुचाकीवर असलेल्या माणसाच्या छातीत.

गाडी ओढत नसेल तर

सायलेन्सर कधीच दोषी नसतो, असं मात्र नाही. जुन्या सायलेन्सरमधला पत्रा गंजून आडवा पडतो, काजळीने भोकं बुजतात, खाली दगड लागून पाईप चेपतो. तेव्हा उलटा दाब खरोखर कितीतरी पट वाढतो आणि गाडी दमते. अशा गाडीची जाळी काढल्यावर ती पळू लागली की समजूत आणखी पक्की होते. पण तिथे फायदा होतो तो तुंबलेला सायलेन्सर गेल्याचा. त्याजागी नवा, कंपनीच्या मापाचा बसवला असता तरी तेवढाच फायदा झाला असता.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी एअर फिल्टर पाहावा. उन्हाळ्यात शेताच्या कच्च्या रस्त्यांवरून माल भरणाऱ्या गाडीचा फिल्टर धुळीने लवकर भरतो, आणि हवा आत येतानाच अडली तर एक्झॉस्ट मोकळा करून काय होणार? मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज आणि क्लॅम्प, कारण तिथली बारीक गळती डोळ्याला दिसत नाही. मग डिझेल फिल्टर, मग नोझलची चाचणी. एवढं झाल्यावर सायलेन्सरची पाळी. त्यासाठी पाईप कापावा लागत नाही. टर्बोच्या पुढे, सायलेन्सरच्या आधी एक छोटं भोक पाडून दाबमापक जोडायचा, भरल्या गाडीने चढ चढायचा आणि काटा कुठे जातो ते पाहायचं. प्रत्येक इंजिनासाठी उलट्या दाबाची मर्यादा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेली असते. काटा तिच्या आत राहिला तर भोक बोल्टने बंद करावं आणि दोष दुसरीकडे शोधावा.